शिवम्माची गाठ

६ जून, सकाळ

बनियन बदलताना डाव्या छातीला, बोंडाच्या मागं, काहीतरी हाताला लागलं. वाटाण्याएवढं. दुखत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. दुखलं असतं तर बघितलं असतं.

कारण लगेच सापडलं. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी लहानपणापासून नेमकी त्याच जागी घासते. दोरा दोन बोटं लांब केला. विषय संपला.

१९ जून

डबी खाली आली. गाठ आहे तिथंच. होईल हळूहळू. सध्या हंगाम आहे, सोयाबीनच्या बियाण्यासाठी दुकानापुढं झुंबड. अख्ख्या चाकूर तालुक्यात खता-बियाण्याचं पान माझ्याशिवाय हलत नाही. गाठीला वेळ कुठून काढू?

शिवम्माला दाखवलं नव्हतं, तिनंच बघितलं. डॉक्टरला दाखवा म्हणाली. मी हाव म्हणालो. बायकोशी वाद घालायचा नाही हे माझं तत्त्वच आहे.

२४ जून

शिवम्मा शरणप्पा डॉक्टरांना थेट दुकानात घेऊन आली. युरियाच्या पोत्यांमागं शर्ट काढून तपासणी. बहुतेक साधं असेल म्हणाले, पण बघितलं पाहिजे. लातूरच्या सर्जनच्या नावानं चिठ्ठी दिली. तिथं सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर बायोप्सी. म्हणजे सुईनं बारीक तुकडा काढून लॅबला पाठवतात. ब्रेस्टचा कॅन्सर पुरुषांनाही होतो म्हणे.

ब्रेस्ट! मला! खताची पोती उचलून मोठा झालेल्या माणसाला!

आणि चिठ्ठीचा अर्थ मला चांगला कळतो. स्वतःला येत नाही तो पुढं पाठवतो. माझा युरिया संपला की मीही गिऱ्हाइकाला पुढच्या दुकानात पाठवतो.

२ जुलै, लातूर

गेलो एकदाचा. सोबतीला शिवम्मा. दारावर हीऽ मोठी गुलाबी पाटी, स्तन तपासणी विभाग. बाकावर सगळ्या बायका. त्यात आमच्या गल्लीतल्या ग्यानोबा मास्तरांची सून अक्षरा. काका तुम्ही इथं कुणासाठी, म्हणून विचारलं. तोंडातून निघून गेलं, काकूंसाठी.

एकदा बोललेला शब्द फिरवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी बाहेर मोकळ्या हवेत आलो.

काउंटरवरच्या बाईनं शिवम्मालाच आत नेलं. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं. मला टेबलावर झोपवलं हो, म्हणाली. ओरडून सांगितलं, माझं न्हाई, ह्यांचं हाय! तेव्हा सगळे तुम्हाला शोधायला निघाले. तोपर्यंत मी रिक्षात बसलो होतो. एकंदरीत दवाखाना बघून झाला. पहिली फेरी चांगली झाली.

४ जुलै

बातमी गावभर. चुलतभाऊ विरूपाक्ष बायकोला घेऊन भेटायला आला. केळी, शहाळी, बिस्किटाचे पुडे. त्याच्या बायकोनं शिवम्माच्या हातातला झाडू काढून घेतला आणि डोळ्याला पदर लावला. शिवम्मा तोंड उघडणार तेवढ्यात मी हात जोडून खुणावलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग केळ्यांकडं बघितलं. सावकाश बाजेवर टेकली आणि म्हणाली, हाव बाई, थकवा लई येतोय.

गुणी बाई आहे. वेळ सांभाळून घेते.

९ जुलै

आजारी बाई काम करताना दिसली तर लोक काय म्हणतील, असं शिवम्माचं म्हणणं. रास्त आहे. सध्या पाणी मी भरतो, भांडी मी घासतो. भाकरी थापताना चिरा पडतात, पण त्यात दोष पिठाचा. ती बाजेवरून सूचना देते. मधूनच म्हणते, गावाला खरं सांगा, आत्ता उठते. मी भांड्यांचा आवाज वाढवतो.

गल्लीत माझं नाव मात्र झालं. बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देऊन राहिल्यात.

१५ जुलै, नांदेड

लातूरला ओळखीच्या माणसांचा त्रास. म्हणून नांदेड. मुलगी सृष्टी तिथं दिलेली आहे, तिच्याकडं उतरलो.

दवाखान्यात काउंटरवर चिठ्ठी मागितली. ती घरी शिवम्माच्या पिशवीत. सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला. तो कुठून असणार, मी तर रिक्षात होतो. मी शांतपणे सांगितलं की मी तालुका खत विक्रेता संघटनेचा माजी अध्यक्ष आहे. ती म्हणाली, काका, मी खताचं न्हाई, चिठ्ठीचं विचारून राहिले.

सृष्टीनं रस्त्यात समजावलं. गावचा डॉक्टर चिठ्ठी देतो, सर्जन हातानं तपासतो, मग सोनोग्राफी, मग बायोप्सी, मग लॅब. कुणी तुम्हाला टोलवत न्हाई अप्पा, तुम्हीच पळालात. तिच्याकडं राहून इथं पहिल्यापासून दाखवू, असंही म्हणाली. मी म्हणालो तू लहान आहेस, तुला कळायचं नाही. तिची पोरगी यंदा सातवीला गेली.

दुपारच्या गाडीनं परत.

२२ जुलै

स्वतः अभ्यास केला. मोबाइलवर एक गृहस्थ छातीठोक सांगतात की सुई टोचली की गाठ चिडते आणि अंगभर पसरते. म्हणजे बायोप्सी न करणं हेच शास्त्रीय! मी न शिकताच बरोबर चाललो होतो. त्यांच्याच सांगण्यावरून हळद-चुन्याचा लेप सुरू.

२६ जुलै

लेपानं कातडी भाजली. बोंड आत ओढल्यासारखं दिसतंय. लेपानंच आकसलं असणार. शिवम्मानं बघितलं आणि दिवसभर एक सूचना दिली नाही.

२८ जुलै, दुपार

गिऱ्हाइकानं कीटकनाशक मागितलं, मी तणनाशक दिलं. त्यानंच डबा परत करून दाखवलं. असं आयुष्यात झालं नव्हतं. त्याचं उभं पीक गेलं असतं.

इथं कुणी वाचायला येत नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. लई भीती वाटते. मरायची तर वाटतेच. पण गुरुपादप्पा कशानं गेला, असं कुणी विचारल्यावर लोक आवाज बारीक करून जे सांगतील, त्याची जास्त वाटते.

उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

२९ जुलै

चप्पल चावते. फिरणं श्रावण संपल्यावर.

४ ऑगस्ट, लातूर

शिवम्मा सकाळीच चिठ्ठी घेऊन दारात उभी. तुम्ही येता, का विरूपाक्षाला बोलावून सगळं सांगू? मी जाणारच होतो.

सर्जन तरुण आहे. हातानं छाती बघितली, काख बघितली, तिथंच सोनोग्राफी करवली. मी त्याला सुईचं शास्त्र ऐकवलं. तो म्हणाला, काका, सुईनं गाठ पसरत नाही. वेळ घालवला तर वाढते. किती दिवस झाले विचारलं. मी म्हणालो, आत्ताच. शिवम्मा म्हणाली, पेरणीच्या आधीपासून.

बायोप्सी गुरुवारी.

७ ऑगस्ट

बाकावर पुन्हा सगळ्या बायका. नाव पुकारलं, गुरुपादप्पा. कोण आहे बुवा म्हणून मीही आजूबाजूला बघितलं. शिवम्मानं कोपरानं ढोसलं. उठलो. सगळ्या जणी हसणार म्हणून त्यांना काय सुनवायचं ते रात्रभर पाठ करून आलो होतो. कुणीच हसलं नाही. उदगीरकडची एक म्हातारी सरकून वाट देत म्हणाली, जा लेकरा, मुंगी चावल्यागत हुतंय, माझं दोन डाव झालंय.

जागा बधिर केली. टक्क असा आवाज, की झालं. मी अजिबात डगमगलो नाही. नर्सचा हात धरला होता, पण तो तिला धीर यावा म्हणून. रिपोर्टला आठवडा लागेल. लॅबवाल्यांना एवढ्याशा तुकड्यात काय एवढं बघायचं असतं कळत नाही.

११ ऑगस्ट

रिपोर्ट चांगला येणार, हे मी नक्की केलं आहे. पुढची आखणी अशी. शिवम्मा बरी झाली म्हणून जाहीर करायचं. गल्लीला जेवण घालायचं. दुसऱ्या दिवसापासून भांडी तिच्याकडं. भाकरी मीच थापीन म्हणतो. आता गोल येते.

१४ ऑगस्ट

कॅन्सर आहे.

सर्जन म्हणाला, काखेत पोचलेला दिसत नाही, ऑपरेशन करू, मग पुढचे उपचार ठरवू. बरे होतात लोक. दोन महिने आधी आला असतात तर मला जास्त आवडलं असतं. शिवम्मा एकेक विचारून घेत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. त्यावर लहान बाळाचं चित्र होतं.

१६ ऑगस्ट

ठरवलं. आता खरं सांगायचं. माणसानं धीट असावं. सुरुवात विरूपाक्षापासून, कारण तो संध्याकाळी येणारच होता.

ओट्यावर बसवून सांगितलं. गाठ शिवम्माला नाही, मला आहे. कॅन्सर निघाला. सोमवारी ऑपरेशन.

विरूपाक्ष माझ्याकडं बघतच राहिला. मग जवळ सरकला. म्हणाला, अण्णा, वहिनीचं दुखणं असं अंगावर घेता येत असतं का? मी म्हणालो, अरे खरंच. बटणं सोडायला लागलो. त्यानं माझे हात धरले आणि सोडलेली बटणं एकेक करून परत लावली. म्हणाला, पुरे आता. तुम्ही खचलात तर तिनं कुणाकडं बघायचं? देवानं सगळ्या बायकांना असा नवरा द्यावा.

मग आत गेला. शिवम्मा बाजेवर पडून होती. रिपोर्ट आल्यापासून खरंच उठली नाही. केळी तिच्या उशाला ठेवून हळूच म्हणाला, वहिनी, अण्णाला जपा, लई मनाला लावून घेतलंय त्यांनी. तुम्ही घाबरू नका. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी हाय.

तो गेल्यावर मी दारातच उभा होतो. अजून कुणाकुणाला सांगायचं, म्हणून शिवम्माला विचारलं. ती उठून बसली, पदरानं तोंड पुसलं, बाजेवरची चादर झटकून नीट घातली. मग म्हणाली, आता तुम्ही पडा.

पडलो.