माळ्यावर

ताई,

काल तू वेगळं राहायला जायची भाषा केलीस आणि मी ‘खुशाल जा’ म्हणालो, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तुझी मोठी बॅग माळ्यावर आहे.

हा शब्द लिहिताना आपली ती मध्येच बंद पडलेली मालिका आठवली. शेवटच्या भागात वकील ‘माळ्यावर’ एवढंच बोलून मेला आणि खुनी कोण, ते कधी कळलंच नाही. पुरावा घराच्या माळ्यावर आहे, असं माझं म्हणणं. तुझा संशय बागेतल्या माळ्यावर. ‘अरे शहाण्या, मरताना माणूस पत्ता सांगेल की नाव?’ असं विचारत तू माझ्या वाटचे शेंगदाणेही संपवायचीस. मालिका लागली की बाबा गच्चीवर अँटेना धरून उभे असायचे.

इंटरनेटवर चाहते अजूनही यावरून भांडतात. आज सकाळी मी प्रथमच तुझ्या बाजूने मत नोंदवलं. पुरावा नाही, तरीही.

‘खुशाल जा’ याचेही दोन अर्थ होतात. मला त्यांतला एकही अभिप्रेत नव्हता.

शिडी मी कामावर, प्रयोगशाळेत नेतो आहे. तिथे तिचा काहीही उपयोग नाही. संध्याकाळी परत आणेन.

— धाकटा