मे महिन्यातली थंडी

बाबा, मे महिना आहे आणि घरातला कूलर बंद आहे. तुमच्या नातवानं बंद करायले लावला. तुमी त्याले पाहिलं नाही, तुमी गेल्यावर कितीतरी वर्षांनी झाला तो. आता स्वतः एका पोरीचा बाप आहे. लोखंडाच्या प्लांटात ठेकेदाराकडे काम करतो, भट्टीवरच, तुमच्यासारखा. आज रात्रपाळी करून आला, डबा ओट्यावर ठेवला, आंघोळ केली नाही, चहाले नाही म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. तिथून आवाज दिला, "मम्मी, रजाई कहाँ है?" रजाई मी होळी झाल्यावरच पेटीत घातली होती. सकाळीच अंगणातली फरशी पायाले चटके देऊन राहिली, आणि हा रजाई मागतो. मी विचारलं, "कावून रे?" तर म्हणे, "ठंड लग रही है." मी पेटी उघडून रजाई त्याच्या अंगावर टाकली.

मले लिहिता कमी येतं. तुमी गेल्यावर सातवीतून शाळा सुटली, मग भांडी, मग लग्न. आज सकाळपासून तुकड्यातुकड्यानं लिहून राहिली. नातीची पेन्सिल घेतली, तिच्या चित्राच्या वहीतला कोरा कागद घेतला. मधे उठते, आत डोकावते, भाजी परतते, परत येऊन बसते. त्याच्या पलंगाची एक लोखंडी पट्टी ढिली आहे. तो थंडीनं कापला की ती खडखड वाजते. स्वयंपाकघरात साफ ऐकू येते. तिच्याकडे कान लावून बसली आहे मी.

मी त्याले सरळ म्हटलं, "उठ, दवाखान्यात चल." मले गोड बोलता येत नाही, तुमाले माहीत आहे. तो रजाईतूनच बोलला, "कुछ नहीं है मम्मी, भट्ठीवालों को लगती है. आजोबा को भी लगती थी ना. घर में सब तो बताते हैं."

"आजोबाची तुले अर्धीच गोष्ट माहीत आहे."

"तो पूरी बाद में बता देना. अभी सोने दे." आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाबा, खरं आहे त्याचं. आपल्या घरात तुमची अर्धीच गोष्ट सांगतात. लग्नात, बारशात, चार माणसं जमली की कोणीतरी काढतंच. मरोद्याचा आपला प्लांटचा क्वार्टर, संध्याकाळची वेळ, सगळ्या लाइनीनं अंगणात पाणी मारलेलं, खाटा बाहेर काढलेल्या, माणसं बनियनवर, बाया पदरानं वारा घेऊन राहिलेल्या. आणि तुमी ड्युटीवरून येऊन भिंतीशी घोंगडं पांघरून बसलेले. तुमी सांगत, आठ तास भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं की बाहेरची झळसुद्धा गार लागते, अंगावर काटा येतो. सगळ्याच भट्टीवाल्यांचं असं होई. थोडा वेळ कापत, मग ठीक. त्याची कोणाले काळजी नव्हती, उलट मान होता. हपिसातल्या बाबूले मे महिन्यात थंडी वाजत नव्हती. ती भट्टीवाल्यालेच वाजे.

शेजारचे काका प्लांटच्या कँटीनमधे होते. त्यायची जीभ कधी स्वस्थ नसे. "का हो, मे मधे घोंगडं? वहिनीले न सांगता सिमल्याले जाऊन आले काय?" तुमी म्हणत, "तू पोळ्या शेक. भट्टी काय असते ते तुले नाही समजणार." पलीकडून आंध्रवाली अम्मा भिंतीवर हात ठेवून विचारे, "चलि वेस्तोंदा, अन्ना?" तुमी तिले याचा अर्थ पुसला तेव्हा ती तिच्या हिंदीत म्हणाली, "हमारे में ठंड डालता है बोलते." बंगाली काकू लगेच म्हणाली की हमारे में शीत करता है. दही विकायले येणारी गावची बाई डोक्यावरचं मडकं उतरवून हसत पुसे, "जाड़ लागत हे का, कका?" तुमाले तर एक खेळच सापडला होता. दात कडकड वाजून राहिले आणि तुमी हिशोब सांगून राहिले की आंध्रात थंडी अंगावर टाकतात, बंगाल्याकडे ती स्वतःच कामाले लागते, हिंदीत अन् छत्तीसगढीत येऊन चिकटते, आपल्यात वाजते. "आपलीच खरी," तुमी म्हणाले, "हे ऐका, वाजून राहिली." माय आतून ओरडली, "वाजून राहिली तर घरात व्हा. साऱ्या मुलखाच्या भाषा गोळा करून काय लोणचं घालता काय?" सगळं अंगण हसलं. इथंच घरातली गोष्ट संपते. इथंच सगळे हसतात, आणि कोणीतरी चहा आणायले उठतो.

मले त्या वेळी एक गोष्ट लक्षात आली नव्हती, आज आली. एवढ्या भाषा त्या अंगणात बोलल्या गेल्या, पण प्रत्येकीत थंडी वेगळी आणि माणूस वेगळा. ती बाहेरून येते, टाकते, करते, चिकटते, वाजते, जाते. माणूस आपल्या जागी राहतो. माणूसच थंड आहे, असं कोणी म्हणालं नाही.

पुढचं मी आज तुमालेच सांगून राहिली, जसं काही तुमी तिथं नव्हते. त्या मे मधे एक दिवस तुमची थंडी उतरली नाही. रात्रभर राहिली. सकाळी तुमी तरीही ड्युटीवर गेले, कारण भट्टीवाला थंडीसाठी रजा टाकत नाही. आले ते दोन माणसांच्या मधे. तरी कोणाले काही वाटलं नाही. कँटीनवाले काका भिंतीवरून सवयीनं म्हणाले, "अजून सिमल्यातच काय?" आणि मायही सवयीनं हसली. तुमी हसले नाही. घोंगड्यावर गोधडी घातली, गोधडीवर मायचं जुनं लुगडं. मले पायथ्याशी बसवलं. पाय दाब म्हणाले. मी दाबून राहिली. पाय तव्यासारखे तापलेले, आणि तुमी थंडी-थंडी करून राहिलेले. मले वाटलं, तुमी खोटं बोलता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचं कापणं थांबलं. खाट गप्प झाली. माय म्हणाली, "गेली बाप्पा थंडी एकदाची," आणि चहा टाकायले आत गेली. अद्रक ठेचल्याचा आवाज येऊन राहिला होता. मी दाबतच होती. पाय आधी कोमट लागले, मले बरं वाटलं. मग गार. माठाखालची वाळू कशी असते उन्हाळ्यात, तसे. मी दारातून मायले म्हटलं, "माय, बाबा थंड आहेत." ती चहा गाळून राहिली होती. तिनं मागं न पाहता मले शिकवलं, "थंड आहेत नाही म्हणत पोरी. थंडी वाजते म्हणतात." मी म्हटलं, "वाजत नाही आता." तेव्हा तिच्या हातातून गाळणी पडली.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाहिलं आणि विचारलं की ताप डोक्यात चढेपर्यंत काय करत होते तुम्ही लोक.  काय सांगणार, की आमी हसत होतो?

मधे उठली होती. आता परत बसली. ऊन डोक्यावर आलं आहे, बाहेर लू सुटली आहे, खिडकीले ओलं पोतं लावलं ते केव्हाच वाळलं. घामानं कागद ओला होऊन राहिला. आत पट्टी वाजून राहिली. वाजू दे.

थोड्या वेळापूर्वी काय झालं ते लिहिते. नात आत गेली होती बापाजवळ खेळायले. इंग्रजी शाळेत जाते ती, घरातही इंग्रजीच बोला म्हणून सांगतात तिथं. मराठी तिले माझ्या शिव्यांपुरती येते. ती बाहेर आली, माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, पापा इज कोल्ड."

कोल्ड मले समजतं. दुकानात कोल्ड ड्रिंक लिहिलेलं असतं. मी पेन्सिल टाकून धावली. जाऊन पाहते तर तो होता, कापत होता, पट्टी वाजत होती, डोळे लाल. कपाळाले हात लावला तर भाजला.  मग बाहेर येऊन पोरीवर ओरडली, "असं नाही म्हणायचं. पुन्हा म्हटलं तर थोबाड फोडीन." ती दोन पावलं मागं सरली. म्हणे, "मॅम ने सिखाया. आय ॲम कोल्ड, यू आर कोल्ड, ही इज कोल्ड." धडा पाठ म्हणते तसं. घरातल्या एकेकाले थंड करून राहिली होती पोट्टी.

सून कॉलेजपर्यंत शिकलेली आहे. मी तिले विचारलं, "हे काय शिकवतात?" ती म्हणाली, "मम्मी, अंग्रेजी में ऐसेच बोलते हैं. किसी को ठंड लगे तो बोलते हैं वो कोल्ड है."

"माणूसच?"

"हाँ, आदमीच."

"अन् मेलेल्याले काय म्हणतात मग?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिले वाटलं सासूचं डोकं उन्हानं फिरलं. हळूच म्हणाली, "उसको भी कोल्डच बोलते हैं."

मी उठली, गॅस बंद केला आणि सुनेले म्हटलं, ऑटोले फोन लाव. आत जाऊन त्याच्या अंगावरची रजाई ओढली. तो चिडला. "मम्मी, आज ड्यूटी का नागा किया तो ठेकेदार दूसरा आदमी रख लेगा. शाम तक देख ले ना."

"तुझ्या आजोबाची आमी संध्याकाळच पाहत बसलो होतो."

"मतलब?"

"मतलब ऑटोत सांगते. दात वाजवणं झालं असेल तर शर्ट घाल."

"तू जाएगी क्या मेरी जगह भट्ठी पे?"

"जाईन. ठेकेदारही सुधरून जाईल तुझा." तो थोडा हसला बाबा. तुमच्यासारखा, एका बाजूनं. मग पुन्हा कापायले लागला आणि शर्टाची बाही त्याले सापडेना. सुनेनं घातली. त्याचा बाप चरोद्याच्या रेल्वे यार्डात ड्युटीवर आहे, फोन उचलत नाही. ओळखीचा ऑटोवाला जुनवानीहून निघाला म्हणतो, पण या उन्हात तो कसा येईल तसा येईल. मी पोराचे दवाखान्याचे कागद, पाण्याची बाटली, ओला टॉवेल पिशवीत घातलं. करायसारखं काही उरलं नाही, म्हणून परत इथं बसली.

आणि आता लिहिता लिहिता पट्टी थांबली.

मी मान वर करून ऐकलं. पंखा बंद, कूलर बंद, घरात काहीच आवाज नाही. सून बाहेर आली, कपाळाचा घाम पुसत. चेहरा मोकळा झालेला तिचा. म्हणाली, "मम्मी, ठंड चली गई लगता है. आँख लग गई इनकी."

मी विचारलं, "अंगाले हात लावून पाहिला?"

"नहीं. नींद टूट जाएगी."

ती चपला शोधायले गेली आहे. गल्लीच्या तोंडाशी ऑटोचा हॉर्न वाजला. मले उठून आत जायचं आहे, त्याच्या कपाळावर हात ठेवायचा आहे आणि उठ म्हणायचं आहे, बस एवढंच. हा कागद कुठं जायचा नाही हे मले पहिल्या ओळीलेच माहीत होतं, पिठाच्या डब्याखाली घालीन. साऱ्या मोहल्ल्यात मी फटकळ म्हणून बदनाम आहे, कोणाले भीत नाही म्हणतात लोक. बाबा, हॉर्न दुसऱ्यांदा वाजला आणि मी अजून लिहूनच राहिली, कारण पेन्सिल खाली ठेवली तर हात मोकळा होईल.