कोजागिरीच्या दुधात कॉफी

२४ सप्टेंबर, बुधवार

फुटलं! म्हणजे मशिन नव्हे, कॉफी. छतापर्यंत उडाली. दांड्याची गाळणी नीट आवळली नव्हती, बटण दाबलं आणि फाटकन सुटली. बनियन, भिंत, कॅलेंडरवरचे बसवेश्वर — सगळं तपकिरी! चाळीस वर्षं लातुरात मोटारपंप विकले, उघडले, जोडले, आणि एवढ्याशा डब्यानं मला उडी मारायला लावावी?

रविकिरणनं पुण्याहून पाठवलंय. “बाबा, दुकान बंद केलंत, आता घरी बसून लाटे करा.” लाटे म्हणजे वाफेनं फुगवलेल्या दुधाची कॉफी. करू की! शेवटी पंपच आहे तो. नऊ बारचं प्रेशर.

गुरम्मा हसलीसुद्धा नाही. नवऱ्याची एवढी फजिती झाल्यावर बायको हसते. ही नाकाला पदर लावून अंगणात जाऊन उभी राहिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वाफेच्या नळीत साय अडकली. रविकिरण फोनवर ओरडला — तापवलेलं दूध नको, थंड घ्या, साय काढा, आणि बोअरचं पाणी तर अजिबात घालू नका, आत चुना धरेल. हे आधी सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी जमलं. असा मऊ फेस! मी चहाचा माणूस, तरी कप तळापर्यंत संपवला. गुरम्माला हाक मारली.

“म्या पीत न्हाई, ठाऊक हाय न्हवं तुम्हाला?”

ठाऊक आहे. पण लग्न होऊन आली तेव्हा पहाटे उठून आधी कॉफीच करायची. माहेर भालकीचं, वडील चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यावर कारकून. तिकडून पावडरचा डबा यायचा, त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. माझ्या आईलासुद्धा! मग कधीतरी सोडली. का, ते मी विचारलं नाही. पित्त होत असेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

भूकंपाला आज बत्तीस वर्षं झाली. दरवर्षीप्रमाणे गल्लीतले चौघे आले, मला किल्लारीची गोष्ट सांगायला लावली. सांगितली. पंप बसवायला गेलो होतो, मुक्काम केला, पहाटे घर अंगावर आलं, तुळईखाली सापडलो, हातानं माती उकरून बाहेर निघालो. सगळ्यांना लाटे दिले. वर दुधाचं पान काढायला गेलो, वांगं उमटलं. तरी वाहवा झाली.

वैजनाथ मात्र कपात बघत बसला. शाळेपासूनचा दोस्त माझा. या दिवशी तो असाच खाली बघत बसतो.

गुरम्मा दाराआडून ऐकत होती. दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी डोळे पुसते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पाने-पकडींबरोबर मशिनलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. गुरम्मानं स्वतः ओवाळलं! म्हटलं, चला, पाघळली. लगेच कप पुढे केला. तर ही दोन पावलं मागे सरली, जसं काही मी विंचू धरलाय.

राग आला. सोनं द्यायला आलेला प्रत्येक माणूस मिटक्या मारतो, आणि घरची बाई तोंड फिरवते! एवढा कसला हट्ट?

४ ऑक्टोबर

पाजणारच.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

काय करून बसलो मी!

मसाला दूध यंदा मी करतो म्हटलं. तिला बरंच वाटलं. बदाम, केशर, जायफळ घातलं आणि वेलदोडे तर मूठभर, वास झाकायला. तिच्या ग्लासात गुपचूप कॉफीचा एक शॉट ओतला. गच्चीवर चांदण्यात दूध ठेवलं, तिनं हात जोडले, ग्लास उचलला. मोठा घोट घेतला. मग दुसरा. डोळे मिटले तिनं. चेहरा असा झाला की मला वाटलं, जिंकलो!

“कशी आहे?” मी म्हणालो. कसं आहे नव्हे — कशी!

ग्लास हातातून पडला. “कॉफी घातलाव?”

तो आवाज तिचा नव्हता. तिथंच वाकून घशात बोटं घालायला लागली. “अगं, विष नाही घातलं!” मी ओरडलो. तर तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. ठोके बघत होती. माझे!

“खाली बसा. हलू नका म्हन्ते ना!”

मला काहीच कळेना.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी बोलली.

भूकंपाची बातमी रेडिओवर आली तेव्हा रविकिरण तिच्या मांडीवर होता. मी किल्लारीला गेलेला, माझा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं इष्टलिंग हातात घेऊन नवस केला — ते जिते घरी येऊ दे, जन्मभर कॉफीला शिवणार न्हाई. नवसाला आवडती वस्तू सोडायची असते. तिची एकच होती.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितल्यावर त्यात काय उरलं?”

बत्तीस वर्षं! आणि मी म्हणत होतो, पित्त! दोन आठवडे हिच्या नाकाखाली कॉफी दळत होतो!

आता नवस मोडला, म्हणजे मी जाणार, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. जिना चढू देत नाही. आंघोळीच्या वेळी दाराला कडी लावू दिली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

कालपासून अन्नाचा कण नाही तिच्या पोटात. “माझ्याच तोंडानं मोडला, शिक्षा मला होऊ दे.” फसवलं मी, पाप माझं, हे दहादा सांगितलं. ऐकत नाही.

वैजनाथ आला. तिची दशा बघून मला बाहेर ओढलं. “मन्म्या, आता तरी सांग तिला. लई झालं! मरंल की रे ती.”

सांगायचं काय, ते या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

त्या रात्री मी किल्लारीत नव्हतो.

नांदेडला होतो. वैजनाथच्या भावाच्या खोलीवर पत्ते खेळत. घरी किल्लारीचं नाव सांगून गेलो होतो, पंपाचं काम म्हणून. तिथं रेडिओवर भूकंपाचं ऐकलं. घरी कोणत्या तोंडानं जाऊ? तो दिवस तसाच काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एस.टी.नं लातूरला उतरलो, स्टँडमागे जाऊन शर्टाला माती चोळली. हो, चोळली! तिकडं माणसं खरोखर मातीखाली होती, आणि मी हातानं माती चोळत होतो. दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. गुरम्मा पायावर पडली. मग तोंड उघडलंच नाही. पुढे दरवर्षी ती तुळई जाड होत गेली.

म्हणजे नवस कशासाठी? मला तर खरचटलंही नव्हतं.

सांगितलं तर तिची भीती जाईल, ती जेवेल. सांगितलं तर मी तिच्या नजरेतून कायमचा उतरेन. दोन्ही एकाच वाक्यात. लाज वाटते की मी अजून विचार करतोय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, मातीसकट.

रडली नाही. ओरडली नाही. मशिनकडे बोट करून म्हणाली, “करा.” केली. थेंब न थेंब प्याली. कप स्वतः विसळून पालथा घातला.

“उद्यापासून रोज दोन कप करत जावा. दोन्ही मलाच.”