माझं विमान आणि ओटेचा मका

४ जानेवारी, सकाळी ९

शाळेने निरोपाला दिलेला खोका आज उघडला. चौतीस वर्षं वॉटन क्रीकच्या पोरापोरींना गाडी चालवायला शिकवलं, त्याबद्दल हे. रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा किट. आत नुसतं बाल्साचं लाकूड, कापसासारखं हलकं. पंख पाच फूट. सगळं आपण जोडायचं.

खोक्यावर लिहिलंय: जोडणीला साठ तास. हे सर्वसाधारण माणसासाठी असणार. मला वीस पुरेत. म्हणजे या महिन्याअखेर विमान तयार आणि मग बर्फ वितळेपर्यंत नुसतं बसून राहायचं. एवढीच काय ती अडचण.

माझी बायको अर्लिस म्हणाली, "छान आहे. पण माझ्या जेवणाच्या टेबलावर नाही." तळघरात घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी जागा केली. तिथे ऊबही आहे आणि कुणी सल्ले द्यायला येत नाही. (वॉशिंग मशीन तिथेच आहे, हे लक्षात नव्हतं.)

६ जानेवारी

सूचनांचं पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं. चाळलं. मुलांना मी आधी पुस्तक पाठ करायला लावायचो आणि मगच गाडीला हात. पण ती मुलं होती.

९ जानेवारी

विमानाचा नकाशा टेबलावर पसरून त्याच्यावरच पंखाच्या बरगड्या चिकटवायच्या असतात. चिकटवल्या. संध्याकाळी पंख उचलला तर नकाशाही वर आला. मध्ये मेणकागद घालायचा होता म्हणे. पान तीन.

खरवडून बराचसा कागद निघाला. राहिला त्याने मजबुतीच येईल.

२३ जानेवारी

दोन्ही पंख पूर्ण! भिंतीला टेकवून लांबून पाहिले. अप्रतिम.

अर्लिस मशीनमधले कपडे काढायला खाली आली. टोपली कमरेवर घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लेलंड, दोन्ही डावेच आहेत का रे?"

तिला बसवून पंखाखालून हवा कशी जाते ते समजावून सांगितलं. वीस मिनिटं. तिने टॉवेलांच्या घड्या घातल्या आणि म्हणाली, "हो, ते सगळं खरं. पण डावेच आहेत."

२४ जानेवारी

डावेच आहेत. नवीन लाकूड मागवलं. एका अर्थी बरं झालं, माझ्याकडे आता एक डावा पंख जादा आहे. असं किती जणांकडे असतं?

१४ फेब्रुवारी

झटपट चिकटणारा गोंद आणला. तो खरंच झटपट चिकटतो. साडेसहाला अर्लिस कोट घालून तयार. व्हॅलेंटाइनचं जेवण बाहेर ठरलं होतं. तेव्हा माझा डावा पंजा विमानाच्या पोटाला चिकटलेला होता. ओढलं तर कातडी जाईल किंवा विमान. मी कातडीला तयार होतो.

शेवटी तिने पोर्क चॉप खालीच आणले, कापून दिले आणि मला भरवले. मी तिने आणलेल्या कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसलो होतो तासभर, ती समोर वॉशिंग मशीनवर बसून हसत होती. इतका चांगला व्हॅलेंटाइन मागच्या दहा वर्षांत झाला नसेल. तीही असंच म्हणाली. अगदी याच शब्दांत नाही.

६ मार्च

सांगाड्यावर लाल प्लास्टिकचा पातळ कागद चढवायचा, तो इस्त्रीने बसतो. अर्लिसची इस्त्री उत्तम चालली. फक्त पाच ठिकाणी सुरकुत्या, आणि त्या लांबून पिसांसारख्या दिसतात.

७ मार्च, रविवार

इस्त्रीला थोडा लाल कागद लागून राहिला होता. तो अर्लिसच्या, चर्चच्या कॉयरमध्ये गाताना घालायच्या पांढऱ्या झग्यावर उतरला. छातीवर तिरका पट्टा. आज चर्चमध्ये बावीस जणांत ती एकटी उठून दिसत होती, असं तिला सांगितलं.

नवीन इस्त्री आणायला जातो आहे.

२ एप्रिल

विमान तयार. तास मोजले नाहीत. मोजायची गरज वाटली नाही.

पंखाखाली बोटं लावून तोलून पाहायचं असतं. शेपूट जड निघाली, विमान सपाट राहीना. नाकात मासेमारीची शिशाची वजनं भरली. मग नाक जड. मग शेपटीत दोन. असं करत करत एकदाचं सरळ राहिलं. वजन किटवाल्यांनी दिलंय त्याच्या दीडपट झालंय, पण वजनदार गाडी रस्ता धरून चालते, हे मी कायम सांगत आलो आहे.

१० एप्रिल

फ्लायर्स क्लबचा मेंबर झालो. गावाबाहेर, मिल्टन ओटेच्या शेताला लागून गवताची धावपट्टी. नियम असा की नवख्याने प्रशिक्षकाबरोबरच उडवायचं. दोन रिमोट वायरने जोडतात; प्रशिक्षक बटण दाबून धरेल तेवढाच वेळ विमान आपल्या ताब्यात. सोडलं की परत त्याच्याकडे.

प्रशिक्षक आहे वांडा यलिनेक.

ही माझी विद्यार्थिनी. दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायच्या परीक्षेत मी तिला तीनदा नापास केलं होतं. हल्ली शेतांवर फवारणीचं खरंखुरं विमान चालवते म्हणे. मी म्हटलं, विमानाला तसं पार्किंग सोपं असतं, चारी बाजूंनी जागा. ती हसली. "या सर," म्हणाली, "किती वर्षं वाट पाहत होते मी."

चांगली मुलगी आहे.

विमान हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिलं. "सर, हे विमान आहे की बोटीचा नांगर?" शिसं काढून टाकलं, मोटरची बॅटरी दोन इंच पुढे सरकवली. तोल बसला. मी तेच सुचवणार होतो.

८ मे

पहिलं उड्डाण! वांडाने वर नेलं. लाल पंख, निळं आभाळ, आवाज शिवणयंत्रासारखा. खोटं कशाला, मी टोपी काढून हातात धरली. अर्लिसने माझ्या पाठीवर हात ठेवला.

माझ्या ताब्यात: चार सेकंद.

वांडाचं म्हणणं, विमान आपल्याकडे तोंड करून येत असतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. मी तिला सांगितलं, डावं ते डावं. चौतीस वर्षं मी हेच शिकवलं.

२२ मे

सात सेकंद. ऊन डोळ्यांवर होतं.

५ जून

तीन सेकंद. वारा.

१९ जून

ऊनही नव्हतं, वाराही नव्हता. वांडा घाबरट आहे, बटण फार लवकर सोडते. अर्लिसला म्हटलं, अशाने माणसाचा आत्मविश्वास जातो. तिने विचारलं, "कुणाचा?"

"रिमोटच्या दांड्या कमी हलवा सर, ते आपलं आपण उडतं," हे वांडाचं पालुपद. मग मी कशाला आहे तिथे?

१० जुलै

निश्चय. पुढच्या शनिवारी क्लबची पिकनिक आहे. शाळेतली जुनी मंडळी येणार आहेत, ज्यांनी किट दिला तीच. त्यांच्यासमोर मी वायरला बांधलेल्या रिमोटने उडवणार नाही. सरावाचे एकूण सेकंद आता अर्ध्या मिनिटाच्या घरात आहेत.

१७ जुलै, संध्याकाळी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

वांडा सँडविचच्या रांगेत होती. मी विमान धावपट्टीवर ठेवलं. वायर जोडली नाही. शाळेची मंडळी दुमडत्या खुर्च्यांवर. मी सगळ्यांना हात केला. पॉवर दिली. विमान उठलं! माझ्या हाताने! टाळ्या!

पहिलं वळण उत्तम. दुसरं वळण त्याने स्वतःहून घेतलं. मग ते आमच्याकडे यायला लागलं आणि मी डावीकडे नेलं तर ते उजवीकडे, ओटेच्या मक्यावर. आणखी डावीकडे केलं, आणखी मक्यावर. वांडा हातात सँडविच घेऊन धावत येत होती आणि ओरडत होती, "पॉवर खाली! हात काढा! सर, हात काढा!" असल्या आरडाओरड्यात कुणाचं लक्ष लागणार?

दोन वाजून सतरा मिनिटांनी रेडिओचा संपर्क तुटला. विमान मक्याच्या मागे दिसेनासं झालं.

दहा-बारा जण ओळी धरून शोधायला गेले. मका डोक्यावरून दोन फूट. मी सर्वांत पुढे, कारण दिशा मला पक्की ठाऊक होती. पाऊण तासाने माझ्या लक्षात आलं की बाकीच्यांचे आवाज येत नाहीत. सगळीकडे मका. वर मका, मागे मका. मी हाका मारल्या, त्या विमान सापडलं का हे विचारायला.

मग लांबून आमच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. सारखा. अर्लिस वाजवत होती. त्या रोखाने चालत बाहेर आलो तेव्हा सगळे जण विमान सोडून मलाच शोधत होते. कानात पराग, शर्टात पानं. शाळेच्या मंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

वांडाने हातातलं अर्धं सँडविच मला दिलं.

१८ जुलै

ओटेच्या शेताला विजेचं कुंपण आहे. एकदम उलगडा झाला. वीज, रेडिओ, संपर्क तुटणं. सगळं जुळतं.

२६ जुलै

क्लबला तीन पानी पत्र दिलं. 'ओटे यांचे कुंपण: एक धोका.' आकृतीसह. टपाल कचेरीत, केशकर्तनालयात आणि चर्चच्या पायऱ्यांवरही लोकांना सावध केलं. अर्लिस म्हणते, मिल्टनशी आधी बोल. पण पुरावा हाती नसताना माणसाशी काय बोलायचं?

२१ ऑगस्ट

क्लबचं उत्तर नाही. आठवड्यातून दोनदा शेताच्या कडेने दुर्बीण घेऊन फेरी मारतो. एक गोष्ट नोंदवून ठेवतो: विमान कोसळताना कुणीही पाहिलेलं नाही. तेव्हा ते कोसळलं असं म्हणता येत नाही.

१८ सप्टेंबर

मका पिवळा पडला. अर्लिसने विचारलं, दुसरा किट मागवू का वाढदिवसाला? नको म्हटलं. का नको ते मलाही नीट सांगता आलं नाही. तळघरात जाऊन जादाच्या डाव्या पंखावरची धूळ पुसली.

१२ ऑक्टोबर, दुपारी

दारात मिल्टन ओटे. कापणीच्या धुळीने भुवया पांढऱ्या. हातात माझं विमान. अख्खं! फक्त कागद उन्हाने गुलाबी झालेला.

मक्याच्या मधोमध पाणी वाहून जायला त्याने गवताची पट्टी सोडलेली आहे. कापणीचं यंत्र तिथवर पोचलं तर हे पट्टीत उभं. तिन्ही चाकांवर. "कुणी पार्क करून गेल्यासारखं," म्हणाला. "जपून धरा, आत बिऱ्हाड आहे."

पोटात उंदरीण आणि तिची पाच पिल्लं. मक्याचे केस अंथरून घर केलेलं.

मग टोपी मागे सारून तो म्हणाला, "मास्तर, त्या कुंपणाचं गावभर ऐकलं मी. गाई विकल्या तेव्हाच त्याची वीज काढली. अकरा वर्षं झाली. घरी येऊन विचारलं असतंत तर कॉफी पण मिळाली असती."

मी माफी मागितली. मला वाटतं मागितली. अर्लिसने मात्र नक्की मागितली आणि त्याच्यासाठी अख्खा ॲपल पाय बांधून दिला. मला त्यातला तुकडा मिळाला नाही.

१५ ऑक्टोबर

बिऱ्हाड अर्लिसने लाकडांच्या ढिगात हलवलं. वांडा घरी आली, नवी बॅटरी लावली. शेपूट हलली, पंखाच्या पट्ट्या हलल्या, मोटर फिरली. रेडिओ ठणठणीत.

मी म्हटलं, मध्यंतरी आपोआप सुधारला असेल.

ती चाकं बघत होती. "सर, एवढ्याशा पट्टीत, दोन्ही बाजूंना आठ फूट मका, आणि एक चाकसुद्धा वाकलेलं नाही. मला नसतं जमलं. आता काय ते एकच ठरवा. रेडिओ गेला होता, की तुम्ही उतरवलंत? दोन्ही एकदम नाही चालणार."

अर्लिस मागे उभी होती. मी म्हणालो, मी उतरवलं.

"वाटलंच," वांडा म्हणाली. तिचा चेहरा इतका गंभीर मी कधी पाहिला नव्हता. "मग पुढच्या महिन्यात क्लबच्या जेवणाला सगळ्या नवख्यांना सांगा, शेवटच्या दहा सेकंदांत नेमकं काय केलंत."

आनंदाने, म्हटलं.

१६ ऑक्टोबर

भाषणाची तयारी करायला बसलो. सकाळपासून एक ओळ झालेली नाही. आधी निदान इथे तरी लिहावं.

विमान टाचणीएवढं झालं तेव्हा मी पॉवर खाली ओढली. रिमोट गवतात ठेवला. आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

तिथून पुढे ते व्यवस्थित उतरलं.