खेमाने खेळावं का

रविवार, ६ नोव्हेंबर २००५

आलं शेवटी माझ्याच गळ्यात! दिवाळीची सुट्टी मला लाभतच नाही.

सकाळी वंदना झाल्यावर विहारातच बैठक बसली. विषय काय — तर कॉम्प्युटर! समितीतल्या रूपरावजींच्या नागपूरच्या भाच्याने आपला जुना कॉम्प्युटर विहाराला दिला, मुलं टायपिंग शिकतील म्हणून. टायपिंग कोण करतंय! आत एक खेळ होता, तो मुलांनी पहिल्याच दिवशी हुडकला. एक माणूस किल्ल्यात शिरतो, भिंती चढतो, खंदकावरून उड्या मारतो, पहारेकऱ्यांशी तलवारीने लढतो. नाव इंग्रजीत आहे. आमच्या तळेगावात तो 'किल्लेवाला'.

मोहल्ल्यातल्या आनंदाबाई उठल्या. "सकायी पंचशील म्हनतात, जीव घेनार नाई म्हनतात, अन् दुपारी तेच पोट्टे तलवारी चालवून राह्यले! लेकरायचा खेळ हाय का हा?" सगळे हसले. भैयाजी नाही हसले. भैयाजी म्हणजे माझे वडील, विहार समितीचे अध्यक्ष. घरातसुद्धा आम्ही त्यांना भैयाजीच म्हणतो. म्हणाले, "आमची नंदिनी मास्तरीण हाय. तिले पाहू द्या. लहान पोट्ट्यायले चालते का नाई, येत्या रविवारी सांगन." मला विचारलं? छे!

खेमा दारात उभी राहून ऐकत होती. माझी भाची, सात वर्षांची. तिला अजून कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊ देत नाहीत. घरी येताना माझं बोट ओढून म्हणाली, "आत्या, चालते म्हनजो न वं."

मंगळवार, ८ नोव्हेंबर

आज माझ्या हातून पहिला खून झाला.

दार उघडायचं बटण समजून दाबलं, तर तलवारच निघाली. पहारेकरी बिचारा पाठमोरा उभा होता. मी चक्क "सॉरी" म्हणाले त्याला! मागे मुलं टाळ्या पिटतायत — "मॅडम, भारी!" मग त्यांनीच शिकवलं. भिंतीला चिकटून चालायचं, खडा फेकायचा, तो आवाजाकडे गेला की निसटायचं. कोणाला न मारता सगळा किल्ला पार होतो म्हणे. "आनंदाबाई येऊन बसल्या का आम्ही असेच खेळतो," एक जण म्हणाला. बदमाश!

रक्त नाही दिसत. माणूस पडतो आणि नाहीसा होतो, एवढंच. आपला गडी मेला तर पाटी येते, पुन्हा खेळायचं का? बटण दाबलं की उठून उभा. टीव्हीवर याहून वाईट रोज चालतं आणि ते आनंदाबाईही बघतात.

वरच्या बुरुजापर्यंत पोचले आणि लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून!

बुधवार, ९ नोव्हेंबर

उजवं मनगट धरलंय. भाकरी थापवेनात. वहिनी, खेमाची आई, म्हणाली, "किल्ला सर केला अन् भाकर होत नाई का वं?" आणि हसली. खूप दिवसांनी हसली. तिला हसवायला मी दुसरंही मनगट दुखवून घेईन.

गुरुवार, १० नोव्हेंबर

आज खेमाला सोबत नेलं. भैयाजी आर्वीला गेले होते म्हणून जमलं. तिच्यासाठीच तर तपासतेय, मग तिला दाखवल्याशिवाय कसं कळणार?

ती खेळली नाही. माझ्या मांडीला टेकून बघत राहिली. माझा गडी भिंतीवरून पडला, मी बटण दाबलं, उठला. परत पडला, परत उठला. मग म्हणाली, "हा दरवेळी उठतेच का?" म्हटलं, हो, खेळ आहे ना. तिने पडद्यावरच्या गड्याला बोट लावलं. मग — "खेळातच."

प्रश्न नव्हता तो. नुसतं म्हणाली. माझा हात मात्र बटणावरच राहिला.

नागसेनदादाला, खेमाच्या बापाला, जाऊन दीड वर्ष होतंय. पुण्याला नोकरीवर होता. काविळीचं निमित्त, तिथल्याच दवाखान्यात गेला. तिथेच अग्नी दिला. खेमा तेव्हा केळझरला, तिच्या आईच्या माहेरी होती. भैयाजींनी ठरवलं, पोरगी मोठी होईस्तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. तिला एवढंच सांगायचं — बाप पुण्याला आहे, काम फार आहे, सुट्टी मिळत नाही. मरणानंतरचा जलदान विधीसुद्धा ती तिकडेच असताना उरकला! सगळा मोहल्ला सांभाळून बोलतो. भैयाजी मधूनमधून तिला सांगतात, "तुह्या बाबाचा फोन आलता, तू झोपली होती." ती ऐकून घेते. आधी विचारायची, कधी येणार? आता विचारत नाही. आम्हाला वाटलं, सवय झाली.

मला हे पहिल्यापासून पटलेलं नाही. पण वहिनी गप्प, मग मी कोण बोलणारी?

शनिवार, १२ नोव्हेंबर

भैयाजींशी भांडण झालं. दबक्या आवाजात, कारण खेमा अंगणात होती.

मी म्हटलं, खेळात वावगं काही नाही, उद्या तसंच सांगणार. ते म्हणाले, "मरते ना त्याच्यात मानूस?" मरतो, आणि परत उठतो. "हेच तं! परत उठते! उद्या पोरगी इचारन, मरते म्हंजे काय? मंग मी काय सांगू तिले?"

म्हणजे पंचशील वगैरे काही नाहीच! आनंदाबाईंच्या तक्रारीच्या आड हे लपले होते. मला आधी राग आला — एका घराच्या भीतीपायी साऱ्या मोहल्ल्याच्या मुलांचा खेळ बंद करायचा? मग त्यांच्या हाताकडे बघितलं. सुपारी कातरत होते, आणि अडकित्त्यात सुपारी नव्हतीच.

म्हटलं, "भैयाजी, आता सांगून टाकू तिला." म्हणाले, "लहान हाय ते अजून. नाई सहन होनार." आणि उठून गेले. मला त्यांची फार कीव आली. आणि मी उद्या त्यांच्याच विरुद्ध बोलणार आहे.

रविवार, १३ नोव्हेंबर

बोलले.

सांगितलं — सात वर्षांपासून पुढच्या मुलांना चालेल. लहान खेळत असताना कोणीतरी मोठं माणूस सोबत बसावं. न मारता जाता येतं, ते आधी शिकवावं. मुलं मरणाला घाबरत नाहीत, आपण त्यांच्याशी त्यावर बोलत नाही त्याला घाबरतात. हे शेवटचं तोंडातून निघून गेलं. भैयाजी खाली बघत होते.

आनंदाबाई म्हणाल्या, "सोबत मी बसीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भैयाजी, अध्यक्षाच्या आवाजात, "मंजूर. पन आमची खेमा जानार नाई."

खेमा समोरच बसली होती. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. उठली आणि आपल्या आबाजींच्या, म्हणजे भैयाजींच्या, मांडीवर जाऊन बसली. एवढी मोठी पोर! भैयाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला दोघांचाही राग आला.

सोमवार, १४ नोव्हेंबर

भैयाजी माझ्याशी बोलत नाहीत. मीही नाही.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

सकाळी खेमाची वेणी घालत होते. म्हटलं, तू थोडी मोठी झालीस की मी पुन्हा भांडेन तुझ्यासाठी. ती म्हणाली, "नको भांडजो. मले नाई खेळाचं."

काऊन वं, का नाही खेळायचं?

"आबाजीले भेव लागते."

कशाचं, विचारलं. मान न वळवता म्हणाली, "बाबा मेले न आपले. मले केळझरलेच समजलं होतं, आजी रडत होती तवा." आणि मग, माझा हात थांबला म्हणून मागे वळून, अगदी हळू — "आबाजीले नको सांगजो, आत्या. ते लय रडतीन."

मी हो म्हटलं.