सन्माननीय सदस्यांचा भाचा

आणि माझ्या दाताचं काय, मामा? मागच्या पत्रात तू लिहितोस, झालं ते झालं, आता तोंड मिटून बस. तोंड मिटूनच बसतोय. उघडलं की लोक आत डोकावतात. आरोग्य धोरणावर बोलायला तुला अख्खा देश मोकळा होता, आजारी माणसांना काही तोटा नव्हता. पण तू उभा राहिलास आणि सांगितलंस की माझ्या भाच्याचा दात दुखत होता, दवाखाना लांब, म्हणून तो सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेला, आणि त्यानं पकडीनं शेजारचा चांगला दात काढला. सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांनी घंटी वाजवायला हात नेला तो तसाच राहिला, त्यांनाही हसू आवरेना. खरं आहे, दात गेला. पण तो घरात गेला होता, मामा. तू त्याला देशोधडीला लावलास.

नमस्कार राहिलाच. रागाच्या भरात पाया पडायच्या आधी गळ्याशी आलो. तर तुला आणि मामीला वाकून नमस्कार. मी खुशाल आहे (हे तुला ठाऊक असेलच, माझ्या तब्येतीची खबर माझ्याआधी तुला असते आणि तुझ्यामागून सगळ्या मुलखाला). मामीचा खोकला कसा आहे? आईचा गुडघा? आई म्हणते, निवडून आल्यापासून मामाला अहो-जाहो करत जा. समोर आलास की करीन. लिहिताना तेवढा मान द्यायचा तर शाई पुरत नाही आणि माझा हात मुळातच कच्चा. आईनं असंही कळवलंय की तू यंदा निवडणुकीला उभा राहणार नाहीस. फार बरं झालं. पाच वर्षं देशाची सेवा तू केलीस आणि अंग माझं दुखलं. आता तूही विसावा घे आणि मलाही घेऊ दे.

म्हणजे बघ, तुझं मला कळतं. पहिल्यांदा बोललास तेव्हा कुणीतरी आकडे लिहून दिले होते, ते वाचताना तुझा चष्मा घसरला, पानं उलटीसुलटी झाली, आणि तू दुधाचे आकडे सिमेंटला लावलेस. तेव्हापासून तू ठरवलंस की कागद हातात धरायचा नाही, ‘घरातलंच सांगतो’ म्हणायचं आणि सुरू व्हायचं. वर म्हणतोस, परक्याच्या घरचं सांगायचं तर त्याला विचारावं लागतं, आपल्या माणसाला काय विचारायचं? पण मग मामी कशी सुटली? तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, माझा शब्द तिथं निघाला तर या घरात चूल पेटणार नाही. म्हणून सगळ्या देशाला आज आईचा गुडघा माहीत आहे, माझा दात माहीत आहे, आणि तू ब्रह्मचारी आहेस असा लोकांचा समज आहे. गरीब गाय म्हणून मीच सापडलो.

शिक्षण धोरण आलं, तू सांगितलंस की माझा भाचा सातवीच्या वर्गातून खिडकीतून पळाला तो परत आलाच नाही. वाहतूक धोरण आलं, मी बसमध्ये पुढच्या माणसाच्या टोपीत ओकलो तेही आलं. घरबांधणी धोरणात इथं आम्ही कामगार एका खोलीत पाळीपाळीनं झोपतो आणि माझी गादी कधी थंड होत नाही हे आलं. पलीकडच्या बाकावरचे सदस्य आता तू उठलास की ओरडतात, भाचा कसा आहे? एकदा तर मंत्री उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भाच्याबाबत सरकार गंभीर आहे. मामा, इथं मुकादम माझ्याबाबत गंभीर झाला तर मला घाम फुटतो, तू सरकार आणलंस!

(खोटं कशाला बोलू, दाताच्या भाषणानंतर आपल्याकडे फिरता दवाखाना सुरू झाला. आई लिहिते, आता सगळ्यांचे दात कसे मोत्यासारखे. ज्याच्या दातावर हे झालं तो मी इथं लांब, बोळका. शाळेच्या खिडक्यांनाही गज बसले. मुलं मला शिव्या घालतात म्हणे.)

आता खरी गोष्ट ऐक. मी कामाला आहे तो इस्पितळाचा धुलाईखाना तुला माहीत आहे (देशालाही आहे). त्यात शिवणघर म्हणून एक कोपरा आहे, फाटलेल्या चादरी तिथं दुरुस्त होतात. तिथं एक मुलगी बसते. मी पहिल्या महिन्यात तिच्याकडे एवढ्या फाटक्या चादरी घेऊन गेलो की ती म्हणाली, या दातांनी फाडल्यात का? सगळ्या दातांनी नाही, मी म्हटलं, एक कमी आहे. ती हसली. तिथून आमचं जमलं. मी कोण हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे, ती मला ‘सन्माननीय भाचे’ अशीच हाक मारते. अडचण तिच्या बापाची. ते आमचे बॉयलरवाले. सबंध धुलाईखान्याला लागणारी वाफ त्यांच्या हातात. माणूस भला, पण एक नाद आहे, बॉयलरशेजारी रेडिओ लावून सभागृहाचं कामकाज ऐकायचं. लोक गाणी ऐकतात, हे पुरवणी मागण्या ऐकतात. आणि सगळ्या सभागृहात त्यांचा लाडका सदस्य कोण? तू. तू बोलायला लागलास की ते झडप थोडी बंद करून वाफेचा आवाज कमी करतात, आणि तेवढा वेळ आमच्या इस्त्र्या गार पडतात. बोलणं संपलं की डोळे पुसत म्हणतात, बिचारं पोर! दात नाही, शिक्षण नाही, गादी नाही. कुणाची लेक त्याच्या गळ्यात न पडो! आणि मी समोर चादरींचा गठ्ठा धरून हो हो म्हणतो.

मागच्या आठवड्यात त्यांची आणि माझी सुट्टी एका दिवशी आली. मुलगी म्हणाली, आज येऊन विचार, नाहीतर जन्मभर चादरीच फाडत बस. मी शर्टाला कडक इस्त्री केली (आमच्याकडे तेवढी एकच चैन फुकट) आणि गेलो. बॉयलरवाल्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, रेडिओ चालूच. मी तोंड उघडणार (म्हणजे बेतानं, ओठ न उचलता), तेवढ्यात अध्यक्षांनी तुझा मतदारसंघ पुकारला. कामगार धोरण! आणि मामा, तू काय सांगितलंस? माझा भाचा इस्पितळाच्या धुलाईखान्यात दोन पाळ्या सलग करून चादरींच्या ढकलगाडीत झोपला, त्याच्यावर चादरी पडल्या, आणि तो थेट बाळंतिणींच्या वॉर्डात पोचला. तिथं नर्स ओरडली, हे कुणाचं?

हे मी आईला हसण्यापुरतं लिहिलं होतं. पण आईला लिहिलं की ते सभागृहाच्या पटलावर ठेवल्यासारखंच, हे मला अजून कळू नये! आणि त्या दिवशी वॉर्डातून मला परत ढकलत आणलं होतं कुणी? याच बॉयलरवाल्यांनी.

त्यांनी रेडिओ बंद केला. तुझं भाषण चालू असताना बंद केला, हे घरात कधी झालं नव्हतं. मुलगी दारात उभी, हातात बशी. ते म्हणाले, दात दाखव. मी दाखवला, म्हणजे नसलेला. खिडकीतून पळाला तो तूच? मीच. आणि टोपी? टोपी मी नंतर धुऊन दिली, म्हटलं. ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता हा माणूस मला चादरीत गुंडाळून परत पाठवणार.

ते वळले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. मी तो रोज बघतो, पण कधी विचारलं नव्हतं. दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, कातडी सायीसारखी. आधीच्या कारखान्यात झडप फुटली होती. मालकानं आठवड्याची रजा दिली आणि ती पगारातून कापली. ते म्हणाले, तुझा एक दात गेला तर देश हळहळला. माझा हात गेला, त्याची शेजारच्या खोलीतही वाच्यता झाली नाही. तुझ्यामागे उभं राहून बोलणारा माणूस आहे, पोरा. मग अगदी लहान मुलासारखं विचारलं, तुझे मामा घरातलंच सांगतात ना? मी तुमच्या घरातला झालो तर माझं सांगतील?

मी काय सांगणार? सांगतील म्हटलं. मुलीनं बशी खाली ठेवली आणि आत जाऊन एवढ्या जोरात नाक शिंकरलं की बाप म्हणाला, वाफ सुटली वाटतं.

तर असं झालं. तुझी बडबड मला नडता नडता फळली. थोरामोठ्यांना नमस्कार, मामीला जास्त.

तुझा,
(देशाला ठाऊक असलेला)
भाचा

ता. क. कारखान्यांतल्या सुरक्षेचं धोरण पुढच्या सभागृहात येणार आहे, असं सासरे म्हणतात. (सासरे म्हणायची परवानगी मिळाली आहे, बॉयलरपाशी सोडून.) त्यावर तूच बोलायचंस. मी शब्द देऊन बसलोय. त्यामुळे वर विसाव्याचं जे लिहिलंय ते खोड.

दुसरा ता. क. विसावा नव्हेच, अनामत भरायला पैसे नाहीत म्हणून तू उभा राहत नाहीस, हेही आईनं कळवलंय. ती माझ्याबद्दल तुला सांगते तशी तुझ्याबद्दल मलाही सांगते, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल. मी नवा दात बसवायला काही पैसे साठवले होते. पण तो दात आता माझा एकट्याचा राहिलेला नाही. शिवणवालीला विचारलं तर म्हणाली, मला आहेत तेवढे पुरेत. तेव्हा अर्ज भर. अनामत जप्त झाली तर मात्र माझे उरलेले दात मी तुझ्यावर खाईन.

तिसरा ता. क. हाताचं सांगताना हसवू नकोस. माझं सांगताना हसव, चालेल. आणि फोनवर तुझं भाषण बघितलं तर चष्म्याची काडी अजून दोऱ्यानं बांधलेली दिसते, ती बदलून घे, लग्नात सासरे पहिल्यांदाच तुला समोरून बघणार आहेत. अनामतीचे पंचवीस हजार आणि काडीचे दोनशे, मिळून पंचवीस हजार दोनशे पाठवतोय.