उशीखालचा हिरा

६ एप्रिल, रविवार

मामानं घात केला! सरळ घात!

केळझरले पसंतीचा कार्यक्रम सुखरूप पार पडून राह्यलता. समीक्षाच्या मायनं, प्रमिलाबाईनं, सहज विचारलं की साक्षगंधाले पोरीची अंगठी कशी करता. आई तोंड उघडते तेवढ्यात आमचे नत्थूमामा छाती फुगवून — "सोन्याची तं सारेच घालतात. आमचा धनंजय हिऱ्याची घालन!" सारी बैठक वा वा करू लागली. मी मामाच्या तोंडाकडे पाहतच राह्यलो. हिरा! मी मोतीलालजीच्या मोटारपंपाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस.

येताना म्हटलं, मामा, हे काय करून बसले? तं म्हणते, "अबे, सात जागी नकार आला तुले. आठव्या जागी जरा वजन पाडा लागते." पडलं त्यायचं वजन. खाली मी दबलो.

समीक्षासंग पाच मिनिटं बोलाले भेटली. अंगणात, गाडीजवळ. तिनं एकच विचारलं, "ही लाल गाडी तुमचीच काय?" म्हटलं हो. तं म्हणते, "लग्न झाल्यावर हिच्यावरच बोर धरण पाहाले जाऊ." बस. पगार नाई विचारला, वावर किती एकर ते नाई विचारलं. बाकी सात जागी पह्यला प्रश्न तोच राहे. मले ती पोरगी डोळ्यासमोरून जात नाई. हेही मोडलं तं मी उठून उभा नाई राहत आता. इथं लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाले सांगू?

८ एप्रिल

दुपारी गिऱ्हाईक नसते. मोबाईलवर अंगठ्या पाहिल्या. पह्यलीच — एक लाख चाळीस हजार! मोबाईल काउंटरवर उलटा ठेवून देला. पाणी पेलो. मंग 'कमी भाव आधी' वर बोट दाबलं. तं हिरा दिसेचना! फोटो मोठा करा, अजून मोठा करा, तवा कुठं मधात मोहरीएवढा ठिपका. त्याच्या खाली लिहून — 'तिच्यासाठी, जन्मभराची चमक.' चमक कोणाले दिसन? मुंगीले?

अन् आता पिच्छा सोडत नाई. हवामान पाहाले गेलो तं अंगठी. क्रिकेटचा स्कोअर पाहाले गेलो तं अंगठी. साऱ्या जगाले मालूम झालं की धनंजयले हिरा पाहिजे न परवडत नाई.

९ एप्रिल

वर्ध्याच्या एका सोनाराले फोन केला. मायं बजेट ऐकून तो हसला. त्याचा भाव ऐकून मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू नाई आलं.

११ एप्रिल

अंकितनं रस्ता दाखवला. अंकित म्हणजे मोतीलालजीचा पोरगा, ऑनलाईन खरेदीत दिवसभर बुडून राह्यते. म्हणे, "भैया, लॅबवाला लो ना. जमिनीतून निघते तो वेगळा, हा कारखान्यात मशीनमधी बनते. चीज सेम." भाव पाहिला — निम्म्याच्याही खाली! तरी माया खिशाच्या वरच.

मंग अंकितनंच बाहेर बोट दाखवलं. माया गाडीकडे. त्याचा डोळा तिच्यावर पह्यलेपासून.

देली. आठ वर्षं वापरली, दोन मिनिटात देली. सीटवर आईनं शिवलेलं कव्हर होतं, तेवढं काढून पिशवीत घातलं. घरी सांगितलं इंजिनचं काम निघालं, गाडी सर्विसिंगले टाकली. अन् ऑर्डर केली. पोचल्यापासून पंधरा दिवसांत वापस करता येते, असं लिहून होतं. मी कायले वापस करू!

लॅबचं मात्र कोणालेच सांगायचं नाई. आईलेही नाई. 'कारखान्यातला हिरा' म्हटलं की इकडे त्याचा अर्थ एकच — नकली.

१६ एप्रिल

आली! कुरिअरवाला म्हणे घरी नाई येत, हायवेच्या ढाब्यावर या. ट्रकायच्या मधात उभं राहून मी हिरा घेतला.

डब्यात डबा, त्यात डबी. बारीक अक्षराचा एक कागद होता, न वाचता घडी घालून तसाच डबीत ठेवला. अंगठी आईच्या हातात देली. "मस्त आहे रे बाबू," म्हणाली — अन् मंग चष्मा आणाले गेली.

१८ एप्रिल

संपलं सारं.

प्रमिलाबाईचा आईले फोन. "विहीणबाई, हिरा सगळ्यायले लाभत नाई. आमच्या नणंदेनं हिऱ्याची खडी नाकात घातली न तीन महिन्यात तिचा मालक गेला. पह्यले पारखून घेऊ. पोरीच्या उशीखाली ठेवू काही रात्री. सपनं चांगली पडली तं अंगठी घालू. वाईट पडली तं..." 'तं' च्या पुढं काई बोललीच नाई ते बाई.

आई म्हणते, बरोबरच आहे त्यायचं, पारखाच लागते. मामाले फोन केला तं म्हणते, "मी काय ग्रहतारे पाहून बोललो का तवा?" वा मामा वा!

म्हणजे आता मायं लग्न समीक्षाच्या सपनावर! माणसाच्या हातात पगार नसते, नशीब नसते, पण दुसऱ्याचं सपन तं बिलकूलच नसते.

२० एप्रिल, रविवार

अंगठी देऊन आलो. आमच्या कारंज्याहून वर्धा, वर्ध्याहून केळझर, दोन बसा. स्टँडपासून तिच्या घरापर्यंत पायी. ऊन असं की डांबर चपलेले चिकटून राह्यलतं. चपलेचा अंगठा तुटला तो तुटलाच. एक पाय घासत घासत पोचलो, जावई होणारा माणूस!

समीक्षानं पाणी आणलं. माया पायाकडे पाहिलं. मंग अंगणाकडे पाहिलं. "गाडी?"

"सर्विसिंगले."

तिनं डबी घेतली न आत गेली. अंगठी पाहून हसली नाई, लाजली नाई, काईच नाई. दुसरी कोणी असती तं निदान बोटात घालून तरी पाहिली असती. परतीच्या बसमधी खिडकीशी बसून रडाले आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात धूळ गेली का भाऊ? म्हटलं, हो.

२२ एप्रिल

पह्यलं सपन पडलं. प्रमिलाबाईनं सकाळीच कळवलं. पोरीच्या सपनात एक माणूस भर उन्हात अनवाणी चालून राह्यला, पायाले फोड आले, तरी थांबत नाई. "कोणाचं तरी दारिद्र्य दिसून राह्यलं, विहीणबाई."

आईनं देवापुढं दिवा लावला. मी डबा तसाच भरलेला वापस आणला. दोन घास नाई गेले.

समीक्षाचा मेसेज होता — 'गाडी आली का?' लिहिलं, पार्ट यायचा आहे. तिनं बस 'बरं' लिहिलं.

२४ एप्रिल

दुसरं सपन. लाल गाडी रस्त्यानं चालली. वर दुसराच कोणी बसला, न तिचा मालक मागून धावते. प्रमिलाबाई फोनवर रडल्या. अपघात! साफ अपघात दिसते म्हणे! आई तं घाबरून गेली. मले म्हणते, गाडी सर्विसिंगमधून आणूच नको तू, तिथंच राहू दे. मी मान हलवली. बाहेर अंकित गाडीले किक मारून राह्यलता.

पुन्हा मेसेज — 'पार्ट आला का?' हिले माणसापरीस गाडीचीच काळजी! लिहिलं, नाई आला.

२५ एप्रिल

मोतीलालजीले पाच एचपीच्या जागी तीन एचपीचा पार्ट काढून देला. गिऱ्हाइकासमोर बोलले मले. ऐकून घेतलं.

२७ एप्रिल, रविवार

तिसरं सपन. हे सर्वात वाईट. दारात एक माणूस उभा, खाकी कपडे, हात पसरून म्हणते — "वापस द्या. लवकर वापस द्या. दिवस भरत आले."

दिवस भरत आले! प्रमिलाबाईले लगेच समजलं, हा यमदूतच. केळझरच्या गणपतीले आईनं मायासाठी नवस बोलला. मामाचा फोन आला तो मी घेतलाच नाई.

प्रमिलाबाई म्हणतात, "आम्ही विचार करून कळवतो." सातही जागचे लोक हेच म्हणत. हेच चार शब्द.

२८ एप्रिल

आज दुकानात बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली.

हा हिरा जमिनीतला नाईच! मशीनमधून काढला, कारखान्यात. त्याले कोणता शनी न कोणता शुक्र? तो कोणाले लाभन न कोणाले बाधन? मोटारपंपाच्या वायशरनं कोणाले वाईट सपन पडते का? म्हणजे सपनं हिऱ्याची नाईत. मंग कायची? मायी. मीच तिले लाभत नाई. तुटकी चप्पल घासत आलेला माणूस पाहिला तिनं. पोरीच्या मनातून उतरलो, न तिले घरी सांगता येत नाई. हिऱ्यावर ढकलून राह्यली.

आता खरं सांगू? सांगू की हा कारखान्यातला, घाबरू नका? तं म्हणतीन नकली आणला, फसवलं. नाई सांगितलं तं हिरा अशुभ. खरा म्हटला तरी मेलो, खोटा म्हटला तरी मेलो. मामाले मोकळं सोडलं न मले बांधून ठेवलं देवानं!

चौतीस वर्षांचा झालो. पाहाले गेलो त्या साऱ्या पोरी आपापल्या लेकराले शाळेत सोडून राह्यल्या असतीन. मी इथं आईनं शिवलेलं सीटचं कव्हर घेऊन बसलो. गाडीही नाई, पोरगीही नाई. खरंच कंटाळा आला जीवाचा.

२९ एप्रिल

धीर करून समीक्षाले लिहिलं. 'मी पसंत नसन तं सरळ सांगजा. सपनायची गरज नाई. मी राग मानणार नाई, मामाले न आईले मी समजावून सांगतो. तुमच्यावर काई येऊ देत नाई.'

तिनं वाचलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाई.

आईले हे मालूम नाई. तिनं साक्षगंधासाठी नवं लुगडं आणलं, ते दाखवून राह्यलती. म्हटलं, चांगला आहे रंग.

३० एप्रिल

भर दुपारी दुकानात फोन. समीक्षा. मी 'बोला' म्हणतो न म्हणतो —

"लाल गाडी कोणाले विकली?"

मी बाहेर पाहिलं. समोरच उभी होती, अंकितनं धुऊन ठेवलेली.

"डबीतला कागद मी पह्यल्याच दिवशी वाचला. अंगठी वापस कराची उद्या शेवटची तारीख आहे. तुम्हाले दोनदा विचारलं, तुम्ही पार्ट यायचा आहे म्हणता! सरळ वापस करा म्हटलं असतं तं तुमचं न मामाचं तोंड पडलं असतं. काल रात्री माय स्वतःच म्हणाली, नको तो हिरा, पोरीले साधी सोन्याचीच घाला. उद्या सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर येजा, अंगठी घेऊन येतो मी. अन् तुम्ही वरून लिहिता पसंत नसन तं सांगजा! अहो, अजून किती सपनं बनवू मी?"